नोकरी सांभाळून गोल करणारा

गिरगांवांत किंवा दादरला सुशिक्षितांच्या घरीं खेळांचा विषय निघाला, कीं संभाषण बहुधा क्रिकेटकडे वळतें. लालबाग-परळच्या चाळींत हुतूतूची आठवण निघते. फुटबॉलचा क्रमांक त्यानंतरचा. परंतु गिरगांवाला लागूनच असलेल्या धोबी तलावावर त्याचें स्थान निराळें होतें. तेथें गोमंतकांतील एकेका गांवच्या लोकांनीं चालविलेले 'कूड' असत. आगबोटीवरचे खलाशी व स्वयंपाकी तेथें उतरत, आणि त्या समाजांत फुटबॉल हा घरचाच खेळ होता. मुंबईच्या मैदानांवर नांव मिळविणारा नेव्हिल डिसोझा हा अशाच गोमंतकीय समाजांतला. त्याचा जन्म १९३२ सालचा.

नेव्हिल सेंटर फॉरवर्ड म्हणून खेळे. अकरांच्या संघांत ही जागा सर्वांच्या डोळ्यांत भरणारी, आणि तितकीच निर्दय. सामनाभर धांवून संधि एखादीच मिळावयाची. ती हुकली, तर बाकीची सारी धांवपळ कोणी लक्षांत घेत नाहीं.

त्या काळीं मुंबईंत फुटबॉल हा पोटाचा धंदा नव्हता. १९०२ सालीं सुरू झालेली हार्वुड लीग आणि १८९१ पासूनचा रोव्हर्स कप यांचे सामने कूपरेजवर गाजत. परंतु त्यांत उतरणारे नामांकित संघ टाटा, कॅलटेक्स, रेल्वे, मफतलाल गिरण्या अशा मालकांचे असत. पगार मिळे तो हजेरीपटावरील नांवाला, गोलांना नव्हे. नेव्हिल टाटांच्या संघांतून पुढें आला, तो याच व्यवस्थेंतून.

१९५२ सालीं हेलसिंकी येथें भारतीय संघ, बहुतेक अनवाणी पायांनीं, युगोस्लाव्हियाशीं १०-१ असा हरला होता. चार वर्षांनीं मेलबर्न येथें तोच देश बूट घालून उतरला. १ डिसेंबर १९५६ रोजीं यजमान ऑस्ट्रेलियाशीं गांठ पडली. नेव्हिलनें गोल करावा व ऑस्ट्रेलियानें तो फेडावा, असें दोनदां झालें. उत्तरार्धांत त्यानें तिसरा गोल केला, तो मात्र फिटला नाहीं. भारत ४-२ असा जिंकला. ऑलिंपिकच्या एका सामन्यांत तीन गोल करणारा तो पहिलाच आशियाई फुटबॉलपटु होय. उपांत्य सामन्यांत युगोस्लाव्हियाविरुद्ध पहिला गोलही त्याचाच. पुढें भारत ४-१ असा हरला. स्पर्धेंत सर्वाधिक, म्हणजे चार, गोल करणाऱ्या तिघांत त्याचें नांव लागलें.

असा पराक्रम केलेला खेळाडू परतला, तो पुन्हां त्याच कूपरेजवर आणि त्याच कंपन्यांच्या सामन्यांत. १९५८ सालीं कॅलटेक्सनें रोव्हर्स कप जिंकला, तेव्हां तो त्या संघांत होता. १९६० च्या रोम ऑलिंपिकला मात्र तो गेला नाहीं. १९८० सालीं, पन्नाशी गांठण्यापूर्वीच, त्याचें निधन झालें. आज पुष्कळ मुंबईकरांना त्याचें नांवही ठाऊक नाहीं.

पुढें ती व्यवस्थाही मोडली. गिरण्या गेल्या. रोव्हर्स कप या शतकाच्या आरंभींच बंद पडला. महिंद्र युनायटेडसारखा नांवाजलेला संघ २०१० सालीं मिटला. आतां मोठ्या क्लबांचे खेळाडू करारावर खेळतात. कित्येकांना मिळणारी रक्कम पूर्वीच्या नोकरदार खेळाडूच्या स्वप्नांतही आली नसती. परंतु करार संपला, कीं सारेंच संपतें. पूर्वी गुडघा दुखावला तरी कचेरींतली खुर्ची उरे. एकींत कौशल्याचें मोल नव्हतें, तर दुसरींत उद्यांचा भरंवसा नाहीं. ज्या शहराला चांगला खेळाडू हवा आहे, त्यानें या दोहोंची सांगड घातली पाहिजे.

मेलबर्न एकाच्याच वांट्याला आलें. परंतु गोल करण्याचा हात बसला, तो कूपरेजच्या चिखलांत, ज्यांचीं नांवें कोठेंही छापलीं नाहींत अशा शेंकडों नोकरदार खेळाडूंच्या संगतींत. नेव्हिलची आठवण काढतांना त्यांचेंही ऋण मानणें उचित होय.