पटावरचे सगळे आपले



मराठी माध्यमाच्या कॅथलिक शाळांच्या या संमेलनात मी आपणा सर्वांचे वसईत मनःपूर्वक स्वागत करते. आपल्या हातात आत्ताच दिलेला सोनचाफा इथल्याच वाड्यांमधला आहे. एरवी तो पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातो. आज तो आपल्यासाठी थांबवून ठेवला.

या गावात शिकण्याची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकात वसईच्या किल्ल्यात जेजुइट धर्मगुरूंकडे शिकलेला गोन्सालो गार्सिया पुढे जपानला गेला, फ्रान्सिस्कन संघात बंधू झाला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला क्रुसावर हुतात्मा झाला. 1862 साली त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत. 1739 साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. त्यांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांबरोबर घाटावर गेल्या. त्यांतली एक आजही भीमाशंकरच्या देवळात आहे. आपले पूर्वज मात्र इथेच राहिले. वाडी शिंपत राहिले, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलत राहिले आणि मुलांना पाटी दिली ती मराठी. त्याच पाटीवर शिकलेले नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली उस्मानाबादला अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आज ते हयात असते तर पहिल्या रांगेत त्यांना बसवण्याचा मान मी मागून घेतला असता.

स्वागताध्यक्षपदासाठी समितीने माझे नाव सुचवले तेव्हा कारणही स्पष्ट सांगितले. हा मान माझ्या वडिलांचा आहे. ते हयात नाहीत, म्हणून तो माझ्याकडे आला. आपल्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांनी त्यांना पाहिले आहे. ते शिक्षक नव्हते, फादर नव्हते, संस्थेच्या कोनशिलेवर त्यांचे नाव नाही. ते इथल्या शाळेचे लिपिक होते. कार्यालयाच्या खिडकीशी लाकडी टेबलापाशी बसलेले, दौत-टाक गेले, शाईचे पेन आले, पुढे संगणक आला, तरी जनरल रजिस्टर स्वतःच्या हातानेच लिहिणारे. अख्खे गाव त्यांना मास्तरच म्हणायचे.

त्यांच्या कामाबद्दल मी आज थोडे सविस्तर बोलणार आहे, कारण शाळेचे गुणगान करताना आपण निकाल, मैदान आणि इमारत यांच्यावरच थांबतो.

जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, आईवडिलांचे नाव, मातृभाषा, जन्मतारीख, जन्मस्थळ लिहिले जाते. तिथे लिहिलेली तारीख माणसाला जन्मभर चिकटते. नोकरी, पासपोर्ट, निवृत्ती, सगळे त्या एका ओळीवर. महाराष्ट्रात लाखो माणसांची जन्मतारीख 1 जून आहे. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, मुलाचे वय अंदाजाने धरायचे आणि 1 जून लिहून टाकायचे, अशी सर्रास रीत होती. बाबांनी ती आपल्या शाळेत चालू दिली नाही. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवरून एखादी आदिवासी आई मुलाला घेऊन आली आणि ‘भातकापणीच्या दिवसांत झाला’ एवढेच सांगू शकली, तर बाबा तिला बाकावर बसवायचे, पाणी द्यायचे आणि विचारायचे: कापणी सुरू झाली होती की संपत आली होती? दिवाळी आधी की नंतर? त्या वर्षी पाड्यात आणखी कोणाच्या घरी मूल झाले? मग रविवारी मिस्सा आटोपली की सायकल काढून ते पूर्वेच्या पाड्यांवर जायचे, ग्रामपंचायतीची नोंद शोधायचे, सुईणीला भेटायचे. तारीख सापडायचीच असे नाही, पण शोधल्याशिवाय लिहायची नाही हा त्यांचा नेम होता.

एकदा मी त्यांना विचारले, दुसऱ्यांच्या मुलांसाठी एवढे कशाला? ते म्हणाले, ‘आपल्या मुलांची तारीख चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत असते. त्यांची कुठेच नसते. ज्याची कुठेच नाही त्याच्यासाठी शाळेची वही.’

माझ्या मते कॅथलिक शाळा म्हणजे काय, याचे याहून नेमके उत्तर नाही. आपल्या शाळांच्या पटावर कोळी, आगरी, मुसलमान, आदिवासी, परप्रांतातून आलेल्या मजुरांची मुले कायम होती आणि आहेत. बाबा रोज सकाळी चर्चमध्ये गुडघे टेकायचे आणि तिथून थेट कार्यालयात यायचे. त्या दोन जागांमध्ये त्यांनी कधी भिंत घातली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासना लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली, तेव्हा गायनवृंदात उभे राहणाऱ्या पहिल्या मंडळींत ते होते. पण त्यांची भक्ती गाण्यापेक्षा ईबीसी सवलतीचा अर्ज मुदतीत पोचवण्यात अधिक दिसायची. फी न भरल्यामुळे मूल घरी बसू नये म्हणून उत्पन्नाच्या दाखल्यासाठी ते पालकांबरोबर तलाठ्याकडे जाऊन बसत.

तरुण शिक्षकांना कदाचित ठाऊक नसेल, पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्याआधी शिक्षण खात्याचे प्रत्येक काम म्हणजे ठाणे. वसई रोडवरून लोकल, दादरला उतरून पूल ओलांडायचा, मध्य रेल्वेची गाडी, मग ठाण्याचे कार्यालय. आणि पगारपत्रकात एक आकडा खोडलेला निघाला तर तसेच परत. बाबांच्या त्या फेऱ्यांमुळे आपल्या शिक्षकांचे पगार, वेतनवाढ, पेन्शन वेळेवर झाले. 1975 साली जुनी अकरावी आणि नवी दहावी, अशा दोन्ही शालांत परीक्षांना एकाच वर्षी मुले बसली. दोन अभ्यासक्रम, दोन प्रकारचे अर्ज. त्या महिन्यांत बाबांचा डबा शाळेतच जायचा आणि बऱ्याचदा न उघडता परत यायचा.

इथे आईचे नाव घेतले नाही तर हे भाषण खोटे ठरेल. बाबा शाळेचे होऊ शकले ते आई वाडीची झाली म्हणून. मोटारपंप बिघडला, केळीचा घड उतरवायचा आहे, फुलांची पाटी दादरला न्यायची आहे, ही सगळी कामे तिची. लिपिकाच्या पगारात पाच जणांचे घर चालत नव्हते. ते मोगऱ्यावर आणि चाफ्यावर चालले. या शाळेला आमच्या घरातून दोन माणसे मिळाली, हजेरीपटावर मात्र एकच नाव होते.

बाबा अठ्ठावन्नाव्या वर्षी नियमाप्रमाणे निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर नेहमीच्या वेळेला कार्यालयात हजर. नवा माणूस येईपर्यंत बसतो म्हणाले. शिक्षकेतर पदांची भरती वर्षानुवर्षे रखडली, नवा माणूस आला नाही, आणि बाबा शेवटच्या आजारपणापर्यंत बिनपगारी बसले. हे मी अभिमानाने सांगते आणि रागानेही. एका निवृत्त माणसाच्या श्रद्धेवर अनुदानित शाळेचे कार्यालय चालावे, हे कोणत्याही शासनाला शोभत नाही.

आता आपल्या स्वतःकडे पाहू. 30 सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकपदांची मंजुरी, होते. पट घटला की तुकडी जाते, तुकडी गेली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, शिक्षक गेला की उरलेले पालकही धीर सोडतात. मुलांना इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या पालकांना मी दोष देणार नाही. त्यांना मुलांच्या पोटाची काळजी आहे. पण आपल्याच संस्थांनी मराठी तुकड्या मागच्या इमारतीत, जुन्या बाकांवर आणि गळक्या छपराखाली ठेवल्या, हे योग्य झाले नाही. चांगली प्रयोगशाळा, उत्तम इंग्रजी शिकवणारा शिक्षक आणि स्वच्छ स्वच्छतागृह मराठी शाळेलाही लागते. ते दिले तर मुले येतील. ज्या शाळांनी दिले त्यांचे मुख्याध्यापक आज दुपारच्या सत्रात बोलणार आहेत. माझी विनंती आहे की जेवणानंतर कोणी उठून जाऊ नये.

शेवटी बाबांच्या वतीने एक मागणे. या मंडपात बँकेतून, रेल्वेतून, महापालिकेतून, मंत्रालयातून निवृत्त झालेली कितीतरी माणसे आहेत. फायली, नियम, अर्ज, मुदती यांत आपले आयुष्य गेले आहे आणि आपल्या शाळांच्या कार्यालयांना नेमके तेच हवे आहे. सत्कार, शाली, देणग्या यांचे आम्ही आभार मानतोच. पण आठवड्यातली एक सकाळ द्या. पाड्यांवरच्या मुलांचे जन्मदाखले, आधारमधल्या नावांच्या चुका, शिष्यवृत्तीचे अर्ज, एवढे काम जरी आपण वाटून घेतले तरी किती मुले पटावर टिकतील. प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर एक वही ठेवली आहे. तिथे आपले नाव, गाव आणि मोकळा वार लिहा. पहिली ओळ मी माझ्या नावाने भरली आहे, बुधवार. आपण जेवायला जाण्याआधी तिथे जरूर थांबा.