मेलेल्याची खुर्ची आणि मेलेल्याची पाळी
(युवक अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



रात्रपाळी करून सरळ इथं आलोय. मध्येच जांभई आली तर समजून घ्या. मी मॅट्रिक झालेला माणूस. गोदीत ठेकेदाराकडे मजुरी करतो आणि कविता लिहितो. पोटनिवडणुकीवर बोल म्हणाले तेव्हा मी म्हटलं, एखादा वकील बोलवा. तर पोरं म्हणाली, वकील कलमं सांगेल, तू रिकाम्या जागेवर बोल. रिकाम्या जागेतलं मला कळतं.

माझा बाप गोदीत कायम कामगार होता. मी सातवीत असताना तो गेला. त्याच्या टोळीत बारा माणसं होती, दुसऱ्या दिवशी अकरा झाली. माल मात्र तेवढाच. बाराव्याचं ओझं अकरांच्या पाठीवर वाटून टाकलं, झालं. आईने अनुकंपाचा अर्ज केला. या खिडकीवरून त्या खिडकीवर, दोन वर्षं. सोबत मी असायचो, कारण तिला वाचता येत नव्हतं. शेवटी एका साहेबाने फायलीवरची धूळही न झटकता सांगितलं, बाई, माणूस गेला तशी जागाही गेली. पोस्ट रद्द. आज मी त्याच धक्क्यावर उभा राहतो, पण ठेकेदाराचा माणूस म्हणून. मुकादमाने नाव पुकारलं तर रोज मिळतो, नाहीतर चालत घरी.

आता आमदार मेला तर काय होतं बघा. कुणी मेल्याचा मला आनंद नाही, रडणारी माणसं त्यांच्याही घरात असतात. पण कायदा कसा धावतो ते बघा. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ सालचा. त्यात १९९६ साली कलम १५१ क घातलं. खासदाराची किंवा आमदाराची जागा रिकामी झाली की सहा महिन्यांच्या आत पोटनिवडणूक घ्यायची. मुदत वर्षापेक्षा कमी उरली असेल किंवा निवडणूक घेणं अवघड आहे असं आयोगाने केंद्र सरकारशी सल्लामसलत करून प्रमाणित केलं, तरच सूट. या सुटीतून पळवाटाही निघतात. पुण्याचे खासदार गिरीश बापट मार्च २०२३ मध्ये गेले. हायकोर्टाने डिसेंबरात सांगितलं निवडणूक घ्या, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२४ मध्ये स्थगिती दिली, आणि सार्वत्रिक निवडणूक येईपर्यंत पुणेकर बिनखासदारांचे राहिले. पण निदान कोर्टात भांडायला कलम तरी होतं! माझी आई कुठलं कलम घेऊन भांडणार होती?

बरं, ती खुर्ची भरते कोण? मागच्या विधानसभेतल्या जागा आठवा. कोल्हापूर उत्तरचे चंद्रकांत जाधव गेले, २०२२ मध्ये पत्नी निवडून आल्या. चिंचवडचे लक्ष्मण जगताप गेले, २०२३ मध्ये पत्नी. अंधेरी पूर्वचे रमेश लटके गेले, नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्नी. अनुकंपा म्हणजे काय ते इथं कळतं. माझ्या आईला जे मिळालं नाही ते पक्षांकडे तयार असतं. लोकांनी मतं दिली, चोरी झाली असं मी म्हणत नाही. आणि लोक वारसाला पाडतातही. पंढरपूरला २०२१ मध्ये भारत भालके यांचा मुलगा पडला. अंधेरीत तर समोर मोठा उमेदवारच उरला नव्हता, भाजपने माघार घेतली होती. तिथं दुसऱ्या नंबरची मतं कुणाला? नोटाला. १२,८०६. एवढी माणसं रांगेत उभी राहून 'यातलं कुणीच नको' म्हणाली. या माणसांवर कुणी अग्रलेख लिहिला का ते शोधायला पाहिजे.

आपल्या कामाचं उदाहरण देगलूरचं. नांदेड जिल्हा, अनुसूचित जातीची राखीव जागा. काँग्रेसचे आमदार रावसाहेब अंतापूरकर एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. ऑक्टोबरात पोटनिवडणूक. काँग्रेसने मुलाला उभं केलं. भाजपने शिवसेनेतून आलेल्या माजी आमदाराला उभं केलं. मुलगा जिंकला. २०२४ साली तोच मुलगा भाजपमध्ये गेला आणि भाजपचा आमदार झाला. म्हणजे जागा राखीव आमच्या नावाने, आणि तिची किल्ली पक्षाच्या खिशात. २८८ पैकी २९ जागा अशा आहेत. १९३२ च्या पुणे कराराने स्वतंत्र मतदारसंघ गेला तेव्हापासूनचं हे दुखणं. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब उभे होते. ते पडले आणि काँग्रेसचे बोरकर आले. अजून काय पुरावा पाहिजे?

रिकामी जागा आपल्या कामी आली ती १९४७ मध्ये. फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली घटना समितीची जागा गेली. तेव्हा मुंबईतून जयकरांच्या रिकाम्या जागेवर काँग्रेसने त्यांना निवडून पाठवलं. गरज लागली की जागा सापडते. गरज नसली की बघा: विधान परिषदेवर राज्यपालांनी नेमायच्या बारा जागा जून २०२० पासून रिकाम्या. मंत्रिमंडळाने नोव्हेंबरात यादी दिली, राज्यपाल यादीवर बसून राहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये हायकोर्ट म्हणालं, वाजवी वेळेत निर्णय घ्या. २०२२ मध्ये सरकार बदललं, यादी मागे घेतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सात भरल्या. या जागा साहित्य, कला, समाजसेवा वगैरेंसाठी असतात. मी साहित्यवाला. मला कुणी विचारलं नाही, ते सोडा.

तर मग बहिष्कार? पोरं हेच विचारतात, वरळीचं नाव घेतात. खरंय. जानेवारी १९७४. मुंबईतल्या लोकसभेच्या एका जागेची पोटनिवडणूक. बाबासाहेबांच्या चळवळीतून काँग्रेसमध्ये गेलेले रा. धों. भंडारे बिहारचे राज्यपाल झाले, म्हणून जागा रिकामी. पँथरने बहिष्कार पुकारला. बीडीडी चाळींत दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्च्यावर वरून दगड आले आणि भागवत जाधव मेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या. बहिष्काराने खुर्ची हलते हे दिसलं. पण खुर्चीवर आपण नव्हतो, आणि आपला एक पोरगा गेला. मी त्या बहिष्काराला चूक म्हणणार नाही. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. मी एवढंच म्हणतो की पुढच्या वेळी नुसतं 'नाही' म्हणून घरी जायचं नाही.

कारण सार्वत्रिक निवडणुकीत आपण लाखांत हरवतो. पोटनिवडणुकीत सगळे मंत्री एका गल्लीत येतात. त्या पंधरा दिवसांत आपल्या गटाराचं झाकणसुद्धा बसतं. तेव्हा त्यांना एकच विचारायचं: तुमच्या खुर्चीला सहा महिन्यांची मुदत, मग आमच्या अनुशेषाला कितीची? राखीव पदं वर्षानुवर्षं रिकामी, पुढे ती रद्द, मग ठेकेदार. सफाईत हेच, शाळेत हेच, गोदीत तर मी उभाच आहे तुमच्यासमोर. राखीव पद रिकामं झालं की सहा महिन्यांत भरा, असं कलम विधानसभेत मांडतो हे जो लिहून देईल त्यालाच वस्तीत सभा घेऊ द्यायची. तोंडी नको, सहीने.

पण त्याला विचारायला आपल्या हातात यादी पाहिजे. आपल्या वॉर्डातली शाळा, दवाखाना, सफाईची चौकी, प्रत्येकात मंजूर पदं किती, भरलेली किती, त्यात राखीव किती. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. येत्या रविवारी सकाळी दहाला इथंच बसू, चौघाचौघांनी एकेक ठिकाण घ्यायचं. अर्जाचा मसुदा मी करून आणतो, अक्षर माझं बरं आहे. माझी त्या दिवशी पाळी लागली तर आई घेऊन येईल, तिला खिडक्या सगळ्या पाठ आहेत.