पडदा मोठा, पण शब्द?

आपल्या दिवाणखान्यातला टीव्ही गेल्या काही वर्षांत भिंतभर पसरला आणि पापडासारखा पातळ झाला. चित्र देखणं झालं, आवाज मात्र पडला. कारण साधं आहे. आवाज काढायचा म्हणजे हवा हलवावी लागते. पातळ पेटीत मोठा स्पीकर मावत नाही आणि जो मावतो त्याचं तोंड बहुधा खाली किंवा मागे असतं. मग घरोघरी रिमोटची कसरत सुरू होते. संवाद कळत नाही म्हणून आवाज वाढवायचा, मारामारी आली की कमी करायचा. शेवटी कुणीतरी म्हणतं, आता होम थिएटर घेऊ या.

दुकानात जाण्यापूर्वी आधी घरचं कपाट उघडा. २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली, तेव्हा अनेक घरांत तबकड्यांची रास जमली. ही रास टाकाऊ नाही. व्हीसीडीच्या चित्रात २८८ ओळी असतात, डीव्हीडीत ५७६, ब्लू-रेमध्ये १०८० आणि फोर-के ब्लू-रेमध्ये २१६०. वरच्या पायरीचा प्लेअर सहसा खालच्या पायऱ्या वाजवतो. पण सगळेच व्हीसीडी वाजवत नाहीत. म्हणून आपली एक जुनी तबकडी पिशवीत घेऊनच दुकानात जा. परदेशातून आणलेल्या तबकड्या असतील तर विभागाचा क्रमांकही पाहा. भारतासाठी डीव्हीडीचा विभाग ५ आणि ब्लू-रेचा सी. फोर-के तबकड्यांना हे बंधन नाही.

आजकाल कुणी विचारेल, सगळं इंटरनेटवर मिळत असताना तबकडी कशाला? तिथले चित्रपट हक्कांच्या मुदतीवर असतात. मुदत संपली की काल पाहिलेला चित्रपट आज यादीत नसतो. आपल्याकडे तर ही जखम जुनी आहे. १९३१ चा ‘आलम आरा’ हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. घरातली तबकडी कुणी परत मागत नाही. मात्र ती वाजवणारं यंत्र हवं, आणि ते दुर्मीळ होत चाललं आहे. ओप्पो डिजिटलने २०१८ मध्ये नवी निर्मिती थांबवली, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणं बंद केलं, आणि २०२४ च्या अखेरीस एलजीही बाहेर पडल्याचं वृत्त आलं. तेव्हा प्लेअर घ्यायचाच असेल तर फार लांबणीवर टाकू नका.

पण तो महागडाच हवा का? प्लेअर एचडीएमआय केबलने रिसीव्हरला जोडला की तो फक्त आकडे पुढे पाठवतो. त्या आकड्यांचा आवाज करण्याचं काम रिसीव्हर करतो. अशा जोडणीत साध्या आणि महाग प्लेअरच्या आवाजात फारसा फरक उरत नाही. गाण्यांच्या सीडी जुन्या लाल-पांढऱ्या तारांनी जोडून ऐकणार असाल, तर मात्र प्लेअरचा दर्जा महत्त्वाचा ठरतो. केबलचंही तसंच. चित्र न अडखळता येत असेल, तर सोन्याचा मुलामा त्यात भर घालत नाही.

आता रिसीव्हर. खोक्यावरच्या वॅटच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. तो आकडा पुष्कळदा एकच वाहिनी चालवून, एकाच सुरावर मोजलेला असतो. ८ ओहम, दोन वाहिन्या एकाच वेळी, २० ते २०,००० हर्ट्‌झ, अशी नोंद शोधा आणि तिचीच तुलना करा. शिवाय ५० वॅटचे १०० वॅट केले तरी आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. मध्यम खोलीला त्याची गरज क्वचितच पडते. टीव्हीचाही आवाज रिसीव्हरमधून ऐकायचा असेल तर दोन्हीकडे ईआर्क ही सोय असावी. ऑप्टिकल तारेतून ब्लू-रेवरचे न आकसलेले बहुवाहिनी ध्वनी जात नाहीत.

मी शब्दांवर जगणारा माणूस, म्हणून माझा आग्रह वेगळ्या ठिकाणी आहे. ५.१ मांडणीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. पैसे कमी असतील तर ते मागच्या स्पीकरांवर आणि धडधडणाऱ्या वूफरवर न घालता मधल्या स्पीकरवर घाला. ‘मुघल-ए-आझम’मध्ये ‘ख’ आणि ‘ख़’, ‘क’ आणि ‘क़’ यांतला फरक पुसला गेला तर संवादाचा अर्धा रुबाब गेला. व्यंजनांची ही धार उंच कंपनांत असते, आणि वयाबरोबर आपले कान नेमकी तीच आधी गमावतात. घरातली वडीलधारी माणसं “काय म्हणाला?” असं विचारतात तेव्हा दोष त्यांच्या लक्षाचा नसतो. रिसीव्हरमध्ये मधल्या स्पीकरची पातळी २-३ डेसिबलने वाढवता येते. रात्रीसाठी मोठे आवाज दाबून हळू आवाज वर आणणारी सोयही असते. तिने शेजाऱ्यांची झोपही वाचते. जुने एकवाहिनी चित्रपट मात्र पाच स्पीकरांत पसरवू नका. ते आहेत तसेच, समोरून ऐका.

उघड्या फरशीवर आणि कोऱ्या भिंतींवर आवाज आपटून शब्द धूसर होतात. सतरंजी, जाड पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट हा स्वस्तातला इलाज आहे.

दुकानदार तुम्हांला स्फोट ऐकवील. तुम्ही त्याला कुजबुजीचा प्रसंग लावायला सांगा, आवाज कमी करा, आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, शब्द कळले का? त्याने मान डोलावली, तर पाकिटाला हात घाला.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)