टेबल सॉ : बटण दाबण्यापूर्वीचे काम

(संस्थेच्या सभासद व विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण मला एका यंत्राविषयी बोलावयास सांगितले आहे. विषय वरवर पाहता रुक्ष आहे. परंतु इथे बसलेल्या तरुणांपैकी काहीजण सुतारकामाच्या वर्गाला जातात, काहीजण फर्निचरच्या दुकानात हाताखाली काम करतात, आणि काही सभासदांची स्वतःची छोटी वर्कशॉप आहेत. या सर्वांचा ज्या यंत्राशी रोजचा संबंध येतो ते म्हणजे टेबल सॉ. दुकानात त्याला नुसते 'कटर' म्हणतात.

नवा मुलगा कामाला लागला की मिस्त्री पहिल्या दिवशी त्याला एकच वाक्य ऐकवतो, "हात सांभाळ रे पोरा." सल्ला खोटा नाही. पण त्याचा एक परिणाम होतो. उद्या त्या मुलाचे बोट गेले तर दोष त्याचाच ठरतो. तो बेसावध होता, त्याचे लक्ष नव्हते, असे सगळे म्हणतात. यंत्राकडे कोणी वळून पाहत नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे की टेबल सॉवरचा अपघात पुष्कळदा बटण दाबण्यापूर्वीच तयार होऊन बसलेला असतो. पाते तिरके बसले आहे, मागची पट्टी काढून टाकली आहे, स्विच चुकीचा आहे. अशा यंत्रावर सावध माणसाचाही हात जातो.

हे नीट समजण्यासाठी पाते कसे फिरते ते पाहू. आपल्या बाजूचे दात वरून खाली येतात, म्हणून ते लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येतात. कापले गेलेले लाकूड त्या मागच्या दातांना टेकले, तर ते त्याला वर उचलतात आणि पात्याच्या माथ्यावरून सरळ आपल्या अंगावर फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. वेगाचा हिशेब करून पाहा. २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर दाताचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. त्या वेगाने फळी पोटात बसते. त्याहून वाईट म्हणजे, फळीवर दाब देऊन ठेवलेला हात, खालची फळी एकाएकी नाहीशी झाल्यामुळे, स्वतःच्याच जोराने पात्यावर जातो. बोटे जातात ती बहुधा अशी. 'हात पात्याजवळ नेला' असे आपण म्हणतो, पण तो नेलेला नसतो.

आता जुळवणीकडे येतो. पहिले काम प्लग काढणे. नुसते बटण बंद करून भागत नाही. प्लग सॉकेटमधून बाहेर आणि डोळ्यांसमोर असला पाहिजे. त्यानंतर टेबल हलते का ते पाहावे. चारपैकी एक पाय अधांतरी असेल तर पुढची सगळी मापे व्यर्थ.

पाते बसवताना शाफ्टवरच्या दोन्ही कॉलर पुसून घ्याव्यात. त्यांच्यात चिमूटभर भुसा अडकला तरी पाते डगमगते. पात्याचे भोक शाफ्टला नेमके बसले पाहिजे. सैल बसते म्हणून पत्रा गुंडाळून चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. पात्यावर कमाल फेऱ्यांचा आकडा छापलेला असतो, तो वाचावा. आपल्याकडची यंत्रे बहुतेक पट्ट्यावर चालतात, म्हणून हिशेब आपल्यालाच करावा लागतो. मोटर २,८८० फेऱ्यांची, तिची पुली ४ इंची आणि शाफ्टची पुली ३ इंची असेल, तर पाते ३,८४० फेरे घेते. कोणी 'जरा जोरात चालावे' म्हणून शाफ्टला २ इंची पुली लावली, की तेच ५,७६० होतात. कार्बाइडचा दात पात्याला फक्त डाग देऊन चिकटवलेला असतो, हे अशा वेळी आठवावे.

इथे एक विषयांतर करतो. इंटिरियरच्या साइटवर प्लायवूडच्या फळीला खाच पाडून तिच्याखाली दगड कापायचा हँड कटर उलटा बांधतात आणि त्यालाच टेबल म्हणतात. तो कटर मिनिटाला १२,००० च्या आसपास फेरे घेतो आणि लाकडासाठी केलेलाच नाही. त्याला फेन्स नाही, मागची पट्टी नाही, आणि बटण दाबून अडकवून ठेवलेले असते. अशा टेबलाची जुळवणी कशी करावी असे मला नेहमी विचारतात. त्याची जुळवणी होत नाही. ते सोडावे.

पाते बसले की ते टेबलाला समांतर आहे का ते तपासावे. टेबलावर मायटर गेजची खाच असेल तर तिच्यापासून मोजावे, नसेल तर टेबलाच्या सरळ कडेपासून. पात्याच्या एका दातावर खडूने खूण करा. तो दात पुढे आणून अंतर मोजा. मग पाते हाताने फिरवून तोच दात मागे न्या आणि पुन्हा मोजा. दात तोच हवा, कारण पात्यात थोडा वाक असला तरी मग माप फसत नाही. दोन मापांत वहीच्या एका कागदाएवढा, म्हणजे साधारण ०.१ मिलिमीटर फरक चालेल. जास्त असेल तर टेबलाखाली जावे लागते. आपल्या यंत्रांत शाफ्ट प्लमर ब्लॉकवर असतो. त्याचे तीन बोल्ट सैल करावेत, चौथा जेमतेम आवळलेला ठेवावा, लाकडी हातोड्याने हलके ठोकून सरकवावे आणि आवळल्यावर पुन्हा मोजावे. आवळताना ते हमखास थोडे सरकते. या कामात अर्धा दिवस गेला तरी तो वाया गेला असे समजू नये. कापलेल्या कडेवर काळे जळके डाग पडतात ना, ते पुष्कळदा पाते बोथट झाल्याचे नसून तिरके बसल्याचे असतात. आपण नवे पाते आणतो आणि डाग तसेच राहतात.

काटकोन पाहताना गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावावा, दाताला लावू नये. दात दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात. मग एक रुंद तुकडा कापून त्याचा एक भाग उलटा करून दुसऱ्याला भिडवावा. फट दिसली तर खरी चूक तिच्या निम्मी आहे.

फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवण्याची आडपट्टी, पात्याला समांतर असावी. मागच्या टोकाला एका कागदाएवढी उघडी असली तरी चालेल. मागे ती पात्याकडे झुकलेली मात्र कधीच नको, कारण मग लाकूड पाते आणि फेन्स यांच्यात पाचरीसारखे अडकते आणि मागच्या दातांवर दाबले जाते.

आता ज्या वस्तूसाठी मी मुख्यतः आलो आहे तिच्याविषयी. पात्याच्या मागे, त्याच रेषेत, एक पोलादी पट्टी उभी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. कापलेली फट मिटू न देणे आणि लाकूड मागच्या दातांवर जाऊ न देणे हे तिचे काम. लाकडाच्या आत ताण असतो. बाभूळ किंवा ओली फळी चिरताना फट मागे आपोआप मिटत जाते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पट्टी नसेल तर ती मिटलेली फट पाते चिमटीत धरते. एवढी उपयोगाची वस्तू, पण दुकानात नवे यंत्र आले की सर्वांत आधी तीच काढून खिळ्याला टांगली जाते, "मध्ये येते" म्हणून. आणि स्थानिक फॅब्रिकेटरने बनवलेल्या टेबलांना ती बहुधा नसतेच.

ती बनवून घेणे अवघड नाही. जाडीचे सूत्र असे की ती पात्याच्या पत्र्यापेक्षा जाड आणि दाताने पाडलेल्या फटीपेक्षा पातळ हवी. पत्रा २.२ आणि फट ३.२ मिलिमीटर असेल, तर २.५ ते २.८ ची पट्टी बसते. जास्त जाड झाली तर लाकूड तिथे अडते आणि माणूस जोर लावतो, तो वेगळा धोका. पुढची कड पात्याच्या गोलाईप्रमाणे घासून घ्यावी. पाते आणि पट्टी यांच्यात ३ ते ८ मिलिमीटर अंतर राहावे. पट्टीचा माथा दातांच्या माथ्यापेक्षा किंचित खाली असावा, म्हणजे खाच पाडतानाही ती काढावी लागत नाही. एकदा काढलेली पट्टी परत लागत नाही, हा अनुभव आहे. ज्या टेबलांचा वरचा फळा बिजागरीवर उचलून कापाची खोली कमी-जास्त करतात, त्यांत पट्टी फळ्याला न बसवता शाफ्टच्या सांगाड्याला बसवावी. मग फळा वर-खाली झाला तरी पात्यापासूनचे अंतर तेच राहते. वेल्डिंगवाल्याकडे एका संध्याकाळचे काम आहे. सभासदांपैकी ज्यांची वर्कशॉप आहेत त्यांनी हे वाक्य जरूर लिहून घ्यावे.

विजेबद्दल थोडे. आपल्याकडे चालू कामात वीज जाते. पाते थांबते, माणूस अडकलेला तुकडा काढायला वाकतो, आणि वीज परत येते. साधा खटक्याचा स्विच असेल तर यंत्र आपोआप सुरू होते. हिरव्या-लाल बटणांचा डी.ओ.एल. स्टार्टर असेल, तर वीज जाताच त्याची कॉइल सुटते आणि हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय यंत्र फिरत नाही. लाल बटण मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा जागी असावे, कारण अडचणीच्या वेळी दोन्ही हात लाकडावर असतात. अर्थिंग तपासलेले असावे, हे वेगळे सांगायला नको.

पात्याची उंची किती ठेवावी यावर जुन्या कारागिरांत वाद आहेत. पाते उंच असेल तर दात लाकूड अधिक खाली दाबतात, हे खरे. तरीही मी ते कमी ठेवण्याच्या बाजूचा आहे. दातांमधली खाच लाकडाच्या जेमतेम वर दिसावी, एवढेच. जितके पाते उघडे, तितका हाताला वाव कमी.

कापताना स्वतः पात्याच्या सरळ रेषेत उभे राहू नये. जुन्या वाड्याचे सागवान घेतले असेल तर आधी खिळे शोधावेत. कसलाही आधार न घेता मोकळ्या हाताने काहीही कापू नये. हात पात्यापासून वीतभर अंतराच्या आत जाणार असेल तर ढकलण्याची काठी घ्यावी आणि ती फेन्सवरच टांगलेली असावी. शोधावी लागली तर कोणी शोधत नाही. हातमोजे, सैल बाह्या, मफलर, मनगटातला कसलाही दोरा नको, कारण दात कापडाला पकडून हात ओढून नेतात. आणि लांब फळी असेल तर समोर एक मुलगा उभा करण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने फळी फक्त तोलून धरायची, ओढायची नाही. वेग ढकलणाऱ्यानेच ठरवायचा. ओढणाऱ्याने जोर केला तर ढकलणाऱ्याचा हात पुढे जातो. हे त्या मुलाला कोणी सांगत नाही. तो आपला मदत म्हणून जोरात ओढत असतो. नाकाला मास्क लावावा. लाकडाची धूळ नाकाच्या कर्करोगाला कारण होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नमूद केले आहे.

कायदा काय म्हणतो, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्राचे धोकादायक भाग झाकण्याची सक्ती केली होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेविषयीच्या २०२० च्या संहितेने घेतली. जुन्या कायद्यात विजेवर चालणारी जागा 'कारखाना' ठरायला मुळात १० कामगार लागत. नव्या संहितेत २० लागतात. तीन माणसांचे फर्निचरचे दुकान कारखाना तेव्हाही नव्हते आणि आजही नाही. तेव्हा निरीक्षक येऊन पट्टी बसवायला लावील, या आशेवर राहू नका. अमेरिकेत स्टीफन गॅस या संशोधकाने १९९९ मध्ये कातडीचा स्पर्श होताच काही सहस्रांश सेकंदांत पाते थांबवणारी योजना शोधली. योजना उत्तम आहे, पण ते यंत्र आपल्या दुकानाच्या आवाक्यातले नाही, आणि उसळलेली फळी तेही अडवत नाही. अडीच मिलिमीटरची पट्टी अडवते.

इतके करूनही बोट गेलेच, तर जखमेवर स्वच्छ कापड दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा. तुटलेला भाग थेट बर्फात किंवा पाण्यात टाकू नये. स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावा, ती पिशवी बर्फावर ठेवावी, आणि १०८ ला फोन करून शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे. हळद, चहापूड, काहीही लावू नये.

बाहेर व्हरांड्यात एका सभासदांनी आपले टेबल आणून ठेवले आहे. त्याला पट्टी नाही. मी एक घासून आणली आहे. आता आपण सर्वजण तिकडे जाऊ आणि ती बसवू. विद्यार्थ्यांपैकी कोणीतरी एकाने पुढे होऊन प्लग काढलेला आहे का, ते आधी पाहावे.