खोलीची किल्ली कोणाकडे?

(भिलाई येथे मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



'शिक्षक आणि नवे तंत्रज्ञान' या विषयावर बोला, असा सचिवांचा फोन आला तेव्हा मी म्हटले, "अहो भाऊ, मोबाईलवर विजेचे बिल भरायलासुद्धा मला सुनेला हाक मारावी लागते." ते म्हणाले, "ताई, म्हणूनच तुम्ही बोला." तेव्हा आज मी तज्ज्ञ म्हणून नाही, तर चुका केलेली एक मास्तरीण म्हणून उभी आहे.

मी मूळची वर्ध्याची. १९८८ साली लग्न होऊन भिलाईत आले. यजमान प्लांटमध्ये आणि मी शाळेत. ३४ वर्षे हिंदी माध्यमाच्या मुलांना गणित शिकवले.

आमच्या शाळेत २००३ साली दहा संगणक आले. नारळ फुटला, पेढे वाटले गेले. संगणकांना कापडी झाकणे शिवली. चपला बाहेर काढल्याशिवाय आत जायचे नाही, असा फलक लागला. आणि दुसऱ्या दिवशी खोलीला कुलूप लागले. किल्ली हेडक्लार्ककडे. किल्ली हवी असेल तर रजिस्टरमध्ये सही करायची, आणि काही बिघडले तर जबाबदारी सही करणाऱ्याची. मला सांगा, कोण सही करील? दोन वर्षे मुलांनी संगणक पाहिला तो खिडकीच्या काचेतून. बाहेर मात्र चर्चा अशी, की मास्तर लोकांना नवीन काही नकोच असते.

आपण भिलाईची माणसे आहोत. प्लांटमध्ये नवे यंत्र आले की काय होते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. आधी चाचणी होते. चालवणाऱ्याला प्रशिक्षण मिळते. देखभालीचे वेळापत्रक ठरते. यंत्र थांबले तर कोणाला बोलवायचे, हे भिंतीवर लिहिलेले असते. शाळेत यंत्र येते तेव्हा यातले काय असते? एक दिवसाचे प्रशिक्षण, चहा-समोसा आणि प्रमाणपत्र. मग यंत्र पडून राहिले की दोष शिक्षकाच्या माथी.

ही गोष्ट आजची नाही. चित्रपट आले तेव्हा १९१३ साली एडिसनने भाकीत केले होते, की आता शाळेतली पुस्तके लवकरच कालबाह्य होणार. पुस्तके आहेत तिथेच आहेत. आपल्या देशात १९७५-७६ मध्ये 'साईट' हा मोठा प्रयोग झाला. अमेरिकेच्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम पोचले. तेव्हाच्या मध्य प्रदेशातली आपल्या छत्तीसगडकडची गावेही त्यात होती. सकाळी शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्या प्रयोगातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. नुसते मुलांना दाखवून ते थांबले नाहीत. सुट्टीच्या काळात प्राथमिक शिक्षकांनाही विज्ञान कसे शिकवावे याचे धडे त्याच संचावरून दिले. म्हणजे शिक्षकाला बाजूला सारले नाही, त्याला सोबत घेतले.

आता माझी फजिती सांगते. २००९ साली तपासणीला साहेब येणार होते. मुख्याध्यापकांनी सांगितले, प्रोजेक्टरवर पाठ घ्या. मी आठवडाभर जागून रंगीत चित्रांचा पाठ तयार केला. ऐन वेळी प्रोजेक्टरचा दिवा गेला. आणि मी खडू हातात घेऊन तशीच उभी. वीस वर्षे जो पाठ मी झोपेतसुद्धा घेतला असता, तो मला आठवेना. कारण त्या आठवड्यात मी चित्रांचा विचार केला होता, मुलांचा केलाच नव्हता. त्यानंतर चार वर्षे मी यंत्राला हात लावला नाही. लोक त्याला हट्ट म्हणत. खरे सांगायचे तर ती भीती होती. पन्नास मुलांपुढे हसे होण्याची भीती. ज्याला सगळे येते असे मुले मानतात, त्याला ही भीती सर्वांत जास्त असते.

ती भीती घालवली एका तरुण सहकाऱ्याने. माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने उपदेश केला नाही. त्याने विचारले, "मैडम, कौन सा पाठ बच्चों को सबसे कम समझ आता है?" मी म्हटले, त्रिकोणाचे परिकेंद्र. तिन्ही बाजूंचे लंबदुभाजक एकाच बिंदूत मिळतात, असे आम्ही शिकवतो. पण मुलांच्या पेन्सिली बोथट. रेषा मिळतच नाहीत, मध्ये छोटा त्रिकोण उरतो. मग मुले रबराने खोडून जबरदस्तीने मिळवतात. त्याने जिओजेब्रा हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर उघडले आणि त्रिकोणाचा एक शिरोबिंदू धरून सरकवला. रेषा हलल्या, पण तुटल्या नाहीत. त्रिकोण काटकोन झाला तसे परिकेंद्र कर्णाच्या मध्यावर येऊन बसले. विशालकोन झाला तसे त्रिकोणाबाहेर गेले. वर्गात "अरे!" असा एकच आवाज उठला. तो आवाज ऐकण्यासाठीच माणूस शिक्षक होतो.

पण एक केले. आधी प्रत्येकाकडून कंपासने आकृती काढून घेतली. ज्याने स्वतः धडपड केली, त्यालाच पडद्यावरची गंमत कळली. नुसते पाहणाऱ्याला ते कार्टूनच वाटले असते. म्हणून मी म्हणते, फळा आणि पडदा ही भावंडे आहेत, सवती नव्हेत.

आता जी गोष्ट सांगायला जड जाते, ती सांगते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मोबाईलवर वर्ग सुरू झाले. नववीच्या माझ्या वर्गात ४२ मुले, पडद्यावर १७. मी रोज हजेरी घेई आणि उरलेल्यांपुढे 'अनुपस्थित' लिही. त्यात एक मुलगा होता. वडील ठेक्यावरचे कामगार. गणितात हुशार, पण अबोल. तीन महिने मी त्याच्या नावापुढे तोच शब्द लिहिला आणि मनात म्हटले, याला रस राहिला नाही. घरात एकच फोन होता आणि तो वडिलांबरोबर कामावर जात होता, हे मला फार उशिरा कळले. रात्री तो शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेई. मी त्याच्या घरी गेले तेव्हा तो पंक्चरच्या दुकानात कामाला लागला होता. त्याने मला नमस्कार केला, हात पुसले आणि मला बसायला स्टूल दिले. मी पुष्कळ समजावले. तो शाळेत परत आला नाही. माझ्या हजेरीपटात तो अनुपस्थित होता. खरे तर त्याच्या घरी मीच अनुपस्थित होते.

त्याच काळात आपल्याच राज्यातल्या शिक्षकांनी वेगळा विचार केला होता. सरकारने एप्रिल २०२० मध्ये 'पढ़ई तुंहर दुआर' ही ऑनलाईन योजना आणली. पण जिथे नेट पोचत नव्हते, तिथे शिक्षकांनी मोहल्ल्यात ओट्यावर वर्ग भरवले. 'बुलटू के बोल' म्हणून उपक्रम झाला. आठवडी बाजारात साध्या बटणांच्या फोनवर ब्ल्यूटूथने ध्वनिमुद्रित धडे टाकून द्यायचे. ना नेट, ना स्मार्टफोन. मला विचाराल तर हे सगळ्यात आधुनिक तंत्रज्ञान, कारण ते मुलाच्या खिशात काय आहे हे पाहून निघाले होते. आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांवर क्यूआर कोड आणले, २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळवला आणि निम्मी रक्कम इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली, हे आपण अभिमानाने सांगतो. पण आधी त्यांनी मुलांच्या घरच्या भाषेचा विचार केला होता, हेही सांगायला हवे.

आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. नातू गृहपाठ विचारतो आणि फोन क्षणात उत्तर देतो. पुन्हा तेच दोन सूर ऐकू येतात. एक म्हणतो मास्तरांची गरज संपली, दुसरा म्हणतो हे बंदच करा. इथे बसलेल्या तरुण शिक्षकांना मी एवढेच सांगेन, कोणतेही नवे साधन वर्गात नेण्याआधी तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलांची कोणती अडचण याने सुटते? हे बंद पडले तर माझ्या हातात काय आहे? आणि यामुळे माझ्या वर्गातला कोण बाहेर राहील? तिसरा प्रश्न मी विचारला नाही, म्हणून एक मूल गेले.

आणि पालकांना, व्यवस्थापनात असलेल्या मंडळींना विनंती. शिक्षकाला यंत्र देण्याआधी चूक करण्याची मुभा द्या. खोलीची किल्ली त्याच्या हाती द्या. बिघडले तर दुरुस्त करू, असे म्हणा. प्लांटमध्ये आपण हेच करतो ना?

समोर बाप्पा बसले आहेत. विद्येची देवता, पण वाहन उंदीर. जो सगळ्यात लहान, त्याच्या चालीने चालणारा देव. आपल्या वर्गांनाही तीच चाल मिळो, एवढीच प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!