रस्त्यावरील कॅमेरा आणि नागरिकांचा हक्क



वेगमर्यादा मोडणाऱ्याचे छायाचित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्यास माझा विरोध नाही. अपघातग्रस्तांवर उपचार करणारा डॉक्टर तो कसा करील? परंतु २०१० साली बर्मिंगहॅममधील स्पार्कब्रुक व वॉशवुड हीथ या मुस्लिमबहुल वस्त्यांसाठी २१८ कॅमेऱ्यांची योजना झाली. त्यांतील बहुसंख्य मोटारींचे क्रमांक टिपणारे होते, काही तर छुपे! गुन्हेगारीस आळा घालण्यासाठी म्हणून रहिवाशांस सांगितले गेले; पैसा मात्र दहशतवादविरोधी निधीतला निघाला. रहिवाशांनी आवाज उठविला, कॅमेऱ्यांवर पिशव्या चढल्या, पोलिसांना माफी मागावी लागली आणि २०११ साली कॅमेरे उतरविले गेले. वस्ती विचारून माणसावर संशय घेण्याची रीत आपल्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेर भोगली आहे. तेव्हा आपल्या रस्त्यावर असा खांब उभा राहिला, तर पोलिसांस जरूर विचारा: हा याच वस्तीत का, आणि ही नोंद किती दिवस ठेवणार?