गटासाठी दुर्बीण घेताना

आज आपण गटाच्या पैशातून घ्यायच्या एका वस्तूबद्दल बोलणार आहोत. ती म्हणजे दुर्बीण.

थंडी पडली की आपल्या उजनीच्या पाण्यावर रोहित उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब हंस येतात. ते बघायला भिगवण, कुंभारगावला शहरातून पाहुणे येतात. आपण त्यांना चिलापीचं कालवण आणि भाकरी करून वाढतो. पक्षी दाखवायचं काम आणि त्याची मजुरी मात्र बहुतेक पुरुषांकडे जाते. खरं तर कोणता पक्षी कुठं बसतो, हे काठावर रोज वावरणाऱ्या बायांना पाठ असतं. कमी असते ती दुर्बिणीची. म्हणून आम्ही गटात ती घ्यायचं ठरवलं. पण एका शेळीच्या किमतीची वस्तू, ती पारखूनच घ्यायला हवी.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. ८ बाय ४२ म्हणजे वस्तू ८ पट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाची रुंदी ४२ मिलिमीटर असते. दुकानदार म्हणेल, "ताई, १०ची घ्या, २०ची घ्या, लांबचं दिसेल." भुलू नका. आकडा वाढला की हाताचा थरथराटही तेवढाच मोठा दिसतो आणि एका वेळी दिसणारी जागा कमी होते. हलत्या होडीत तर पक्षी सापडतच नाही. आपल्याला ८ची बरी. पुढचं भिंग ४२चं असलं की पहाटेच्या अंधुक उजेडातही चित्र स्वच्छ दिसतं. २५चं भिंग हलकं आणि स्वस्त असतं, पण सकाळी-संध्याकाळी अंधारं दिसतं. पक्षी तर त्याच वेळी जास्त हलतात.

दुकानात गेल्यावर दुर्बीण गळ्यात अडकवून दहा मिनिटं उभं राहा. मान दुखली तर दिवसभर कशी वागवणार? मग बाहेर येऊन लांबची पाटी वाचा. अक्षरं दोन-दोन दिसली किंवा डोकं जड झालं, तर ती दुर्बीण नको. चष्मा असलेल्या बाईनं चष्म्यासकट बघावं. डोळ्याजवळचे रबरी कप दुमडून किंवा फिरवून खाली करता आले पाहिजेत, म्हणजे पूर्ण गोल दिसतो. पाणी आत न शिरणारी मिळाली तर थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, कारण आपलं काम पाण्यावरचं आहे.

दोन्ही डोळ्यांची नजर सारखी नसते. म्हणून आधी उजवीकडचं पुढचं भिंग हातानं झाका आणि डाव्या डोळ्यानं बघत मधलं चाक फिरवा. चित्र स्पष्ट झालं की डावीकडचं झाका आणि उजव्या डोळ्याजवळची कडी फिरवा. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही बघू नका, आणि पोरांनाही बघू देऊ नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.

भिंग पदरानं पुसू नका. धुळीचे कण घासले जाऊन ओरखडे पडतात. आधी मऊ ब्रशनं धूळ झाडा, मग स्वच्छ मऊ कापडानं हलकेच पुसा. पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या पुड्या टाकून ठेवा.

आमच्या गटात दुर्बिणीची वेगळी वही आहे. कोणी नेली, कधी आणली, भाडं किती आलं, सगळं सहीसकट लिहितो. भाड्यातला ठरलेला भाग दुरुस्तीसाठी बाजूला पडतो. वही नसेल तर वस्तू सगळ्यांची राहत नाही, ज्या घरात ठेवली त्या घराची होते.

आणखी एक. दुर्बीण असली की होडी थव्यात घालावी लागत नाही. पक्षी उडत नाहीत, निवांत चरतात, आणि पाहुण्यांना लांबूनच पट्टकदंबाच्या डोक्यावरचे दोन काळे पट्टे दाखवता येतात. पक्षी टिकले तरच पाहुणे येतील आणि आपली मजुरीही टिकेल.

पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या. दुर्बीण हातात धरणारी पहिली बाई कोण, तेही तिथंच ठरवा.